कुरणातला हिरवा कोट

जर्मनीत एर्लांगेनला डॉक्टरेट करत असताना मी शहराबाहेरच्या एका खेड्यात, टेकडीच्या पायथ्याशी, वरच्या मजल्यावरची खोली घेऊन राहत होते. घरमालक निवृत्त सुतार होते, सत्तरीचे, एकटे, आणि शिकारी. मी भिंगांवरच्या लेपांवर संशोधन करते हे कळल्यावर त्यांनी मला परस्पर दुर्बीणतज्ज्ञ करून टाकलं. त्यांची जुनी दुर्बीण आतून धुरकट झाली होती. हरणाच्या शिकारीत बंदूक अगदी शेवटी येते, त्याआधी तासन्‌तास नुसतं बघायचं असतं, असं ते म्हणत. मला शिकार मुळीच आवडत नव्हती. पण दुर्बीण निवडायला मी तयार झाले.

जूनचे दिवस होते, फुटबॉलसाठी घराघरांवर झेंडे लागले होते. बसने आम्ही शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने दहापट मोठं दाखवणारी पुढे केली. ती मी नको म्हटलं, कारण चित्र मोठं होतं तसा हाताचा कंपही मोठा होतो. मग दिव्याखाली भिंगं तिरकी धरून पाहिली. लेप चांगला असला की दिव्याचं प्रतिबिंब फिकट जांभळं दिसतं. लख्ख पांढरं दिसलं तर प्रकाश आत न शिरता परत येतोय. शेवटी आठपटीच्या दोन उरल्या. एकीची पुढची भिंगं चांगलीच मोठी, पण ती जड. दुसरी लहान आणि हलकी. मोठ्या भिंगातून उजेड जास्त येतो खरा, पण उतारवयात डोळ्याची बाहुली तेवढी उघडतच नाही, तो जास्तीचा उजेड वाया जातो, हे मी त्यांना समजावलं. "गेनाऊ," अगदी बरोबर, म्हणाले, आणि तरीही दोन्ही तिन्हीसांजेला पाहिल्याशिवाय घेणार नाही म्हणून अडून बसले. दुकानदाराने ओळखीवर दोन्ही एका दिवसापुरत्या दिल्या.

संध्याकाळी आम्ही रानाच्या कडेला असलेल्या त्यांच्या लाकडी मचाणावर चढलो. समोरचं कुरण त्यांच्या भावाचं. भाऊ आदल्या हिवाळ्यात वारला होता आणि भावजय एकटीच शेत सांभाळत होती. गवत कमरेएवढं वाढलेलं. वारा पूर्ण पडला होता.

हलकी दुर्बीण माझ्याकडे होती. कुरणाच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा दिसला. दुर्बीण खाली घेतली तर नुसता करडा अंधार. मी त्यांना हळूच सांगितलं. जड दुर्बीण डोळ्यांना लावून त्यांनी पाहिलं, मग ती माझ्या हातात दिली आणि माझ्याकडची हलकी घेतली.

"उजव्या कोपरावर चामड्याचं ठिगळ आहे का, बघा."

होतं. जाड लोकरीचा हिरवा कोट, कॉलरच्या वर काहीच नाही, आणि खाली पायांच्या जागी एक खांब. माणूस नव्हता, बुजगावणं होतं.

"भावाचा कोट आहे," ते म्हणाले.

उद्या गवत कापायचं असणार, त्यांनी कुजबुजत सांगितलं. हरिणी पाडसांना उंच गवतात लपवतात आणि यंत्र आलं तरी पाडस जागचं हलत नाही. म्हणून आदल्या दिवशी माणसाच्या वासाचा कपडा खांबावर टांगतात, म्हणजे हरिणी बिचकून पिल्लाला घेऊन जाते.

तेवढ्यात रानातून एक हरिणी बाहेर आली. ती बिचकली नाही. सरळ कोटापाशी गेली आणि मान वर करून त्याच्यासमोर उभी राहिली. डोळ्याकडच्या काचेवर माझ्याच श्वासाची वाफ धरली होती. ती पुसून मी पुन्हा पाहिलं, तर कोटाची बटणं दिसत होती. तो आमच्याकडे तोंड करून होता. आसपासचं गवताचं एक पातंही हलत नव्हतं.

शेजारी घरमालक हलकी दुर्बीण लावून बसले होते.

"चला, उतरू या," एवढंच ते म्हणाले.

सकाळी ट्रॅक्टर यायच्या आत आम्ही कुरणात गेलो. भावजय आधीच आल्या होत्या. कोट आता पुन्हा मचाणाकडे पाठ करून होता. मी विचारलं, रात्री तुम्ही तो फिरवलात का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. काल दुपारी त्यांनीच खांबाला आडवी फळी ठोकून कोट सुतळीने दोन्ही खांद्यांना घट्ट बांधला होता, त्यानंतर त्या इकडे फिरकल्याही नव्हत्या. मी खांब दोन्ही हातांनी पिळून पाहिला. तो जराही फिरला नाही.

खांबाच्या बुडाशी, गवतात, ठिपक्याठिपक्यांचं पाडस मुटकुळं करून पडलं होतं. घरमालकांनी माणसाचा वास लागू नये म्हणून दोन्ही हातांत गवताच्या जुड्या घेऊन ते उचललं आणि रानाच्या कडेला नेऊन ठेवलं. भावजयींनी सुतळी सोडली. ऊन चढायला लागलं होतं, तरी तो जाड कोट त्यांनी अंगावर चढवला आणि त्या घराकडे गेल्या.

दुपारी घरमालकांनी हलकी दुर्बीण परत करून जड घेतली. मी अडवलं नाही. बसमध्ये खोका मांडीवर धरून त्यांनी विचारलं, काल तुम्हाला काय दिसलं?

"कोट," मी म्हणाले. "बटणं."

त्यांनी खोक्याचं झाकण दाबून नीट बसवलं.

"मला भावाचा चेहरा दिसला," ते म्हणाले. "त्याने दाढी केली नव्हती."