दांडा पुढे, होडी मागे

मी इंजिनिअर झाले तेव्हा मला इंजिनिअरिंगमधलं फारसं काही येत नव्हतं. पण आईने रत्नागिरीच्या मच्छीबाजारात तसं जाहीर करून टाकल्यामुळे माझा नाइलाज झाला.

खरं तर मी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा कोर्स तेवढा केला होता आणि ॲप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं होतं. इंजिनांच्या एका कारखान्यात निवडही झाली. काम शिकायचं, वर विद्यावेतन, पुढे नोकरीची वाट मोकळी! अडचण एकच. मला अठरा वर्षं पूर्ण नव्हती, म्हणून करारावर बाबांची सही हवी होती. बाबा तांडेल. होडीवर त्यांचा शब्द शेवटचा, आणि घरीही (आई बाजारात गेलेली असेल तर).

"ॲप्रेंटिस म्हंजे चाय आणायची नि लादी पुसायची," बाबांनी निकाल दिला.

"नाही हो बाबा, इंजिनाचं काम शिकवतात!"

"मग आपल्या होडीला काय चरखा लावलाय? तिचं इंजिन नीट करून दाखव. नारळी पुनवेला होडी झकास गेली, तर करतो सही."

मासेमारीच्या पावसाळी बंदीमुळे होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. मी इंजिनावर तुटून पडले. फिल्टर बदलले, ऑइल बदललं, इंजेक्टर साफ केले. उत्साहाच्या भरात, कुणी सांगितलं नसताना, गिअरच्या दांड्याचे जोडही काढले आणि घासूनपुसून परत बसवले. चावी फिरवली, तर इंजिन एका फटक्यात सुरू! आईच्या डोळ्यांत पाणी आलं (थोडं धुरानेही). गिअर टाकून बघायचं मात्र कुणालाच सुचलं नाही, कारण होडी वाळूत होती आणि मी हवेत!

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जेटीला लागली आणि अख्खी वाडी जेटीवर जमली. आई पेढ्यांचा डबा घेऊन फिरत होती.

"आमच्या पोरीनं इंजिन बांधलान!" (सकाळी तिने 'दुरुस्त केलान'पासून सुरुवात केली होती.)

बाबांनी होडीवर चढून दर्याला नारळ दिला, टोपी सारखी केली आणि ऐटीत दांडा पुढे ढकलला. होडी मागे निघाली.

मागे शेजारच्या सदूकाकांची होडी उभी होती. नवा रंग, केळीचे खांब, झेंडूच्या माळा, आणि पुढच्या टोकाला हात जोडून खुद्द सदूकाका!

"अरे पुढं जा! पुढं!" ते ओरडले.

पुढे जायचं म्हणून बाबांनी दांडा आणखी पुढे दाबला. होडी दुप्पट वेगाने मागे!

आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दांड्याचा जोड मी उलटा बसवला होता.

"बाबा, मागे टाका, म्हणजे पुढे जाईल!" मी जेटीवरून किंचाळले.

"काय बोलतेस गो?"

"मागे! मागे!"

"मागंच तर चाललाव, मेल्ये!"

धाड! सदूकाका मटकन खाली बसले (पडले, हे ते अजून मान्य करत नाहीत). केळीचा एक खांब आमच्या होडीत आला आणि झेंडूची माळ थेट बाबांच्या गळ्यात. होड्यांचा नुसता रंग खरचटला, पण वाडीची हसून हसून मुरकुंडी वळली. शेवटी बाबांना गोम कळली. गळ्यात माळ घालून, दांडा मागे खेचत, ते आमच्या समोरून दिमाखात पुढे गेले. आईने पेढ्यांचा डबा पदराखाली घेतला.

मला रडूच फुटलं. सही गेली, कारखाना गेला, आता जन्मभर फाटकी जाळी सांधत बसायचं!

होडी बांधून बाबा तडक माझ्याकडे आले.

"घरी चल. तो करार काढ नि पेन आण."

"बाबा, पण..."

"उद्याच्या उद्या जा! शीक बाय, चांगली शीक. पण तिकडं जाऊन शीक. त्यांच्याकडं मोडायला इंजिनं रग्गड हायत. माझ्याकडं एकच हाय!"

बाबांनी सही केली. साक्षीदार म्हणून सदूकाका, कुणी बोलावलं नसताना, कंबर धरत हजर झाले.

परीक्षा पास होऊन ॲप्रेंटिस झालेले पुष्कळ असतील. साफ नापास झाल्यामुळे तातडीने रवाना केलेली बहुधा मी एकटीच!