आप्पांचं कांबळं

लेक उद्या बाळाला घेऊन येणार, म्हणून पेटीतलं आप्पांचं कांबळं उन्हात टाकलं. झटकताच धुराचा आणि तंबाखूचा वास आला, आणि माझ्या माहेरची, गुंदची ती रानवाट डोळ्यांपुढं उभी राहिली.

हीच लेक तेव्हा तान्ही होती. चैत्रातली उकडती संध्याकाळ. मला माहेरी न्यायला माझे वडील, आप्पा, बसथांब्यावर आले होते. कांबळ्याच्या झोळीत बाळ घेऊन ते पुढं, मी मागं. वळणावर गवा उभा होता, अख्खी वाट अडवून.

रानात आडव्या आलेल्या जनावरावर आमच्याकडं ओरडत नाहीत, घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. मी आप्पांच्या पाठीमागं सरकले. त्यातच बाळ रडायला लागलं. गव्यानं मान खाली घातली, फुरफुरत खुरानं माती उकरली.

"नात हाय माझी," आप्पा सावकाश म्हणाले. "पयल्यांदाच घरला येतीया. आजी वाट बघतीया रं तिची. जाऊ दे आमास्नी."

आवाजात जरासुद्धा कंप नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी गवा वळला आणि कारवीच्या झुडपांत शिरला.

माझे आप्पा कशालाच भीत नव्हते, असं मी पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिले. आज नातीची वाट बघताना आठवतंय ते वेगळंच. घरी पोचल्यावर आईनं बाळ घ्यायला हात पुढं केले, तर कांबळ्यावर आवळलेली आप्पांची बोटं सुटेनात. आईनं ती एकेक करून सोडवली.

"गारठा लई हाय," आप्पा म्हणाले.