पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

छापखान्यात त्यांना सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. मुद्रितं तपासण्यात उभा जन्म गेलेला. चुकलेली वेलांटी त्यांना दाताखाली आलेल्या खड्यासारखी लागायची. निवृत्त झाल्यावर नव्या मुद्रितशोधकांसाठी एक पुस्तक लिहायचं, हे त्यांचं कधीचं ठरलेलं. जुन्या मालकांच्या मुलीनं ते छापायचं कबूलही केलं. आणि नेमका तेव्हाच हातांना कंप सुटला. पेन धरलं की कागदावर नुसत्या मुंग्या. माउस धरला तर पडद्यावरचा बाण पिसाळल्यासारखा चारी दिशांना धावायचा.

त्यांची बायको शिवणकाम करायची. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. ठरावीक मापांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. एक हात गमावलेल्या एका बाईला तिनं असा कोट शिवून दिला होता, की ती कुणाला हाक न मारता तो घालायची आणि काढायची. “कपड्यानं माणसासारखं व्हायचं, माणसानं कपड्यासारखं नाही,” एवढंच ती म्हणायची आणि पुन्हा मशीन चालवायला लागायची.

नवऱ्याच्या हातांकडे बघत हळहळणं तिला जमण्यासारखं नव्हतंच. पलीकडच्या गल्लीतल्या संगणकाच्या वर्गात तिनं सरळ नाव घातलं. खुर्ची बुटकी पडली तर घरून उशी नेली. तिथं तिला कळलं, की त्यांच्या जुन्या वर्ड प्रोसेसरमध्ये ‘काम’ नावाचा एक मेनू वर बसवता येतो आणि त्यात आपली हवी ती कागदपत्रं नावानिशी लावून ठेवता येतात. माउसची गरजच नाही. दोन बटणं दाबली की मेनू उघडतो, बाणाच्या बटणानं खाली उतरायचं, एंटर मारायचं. पुस्तकाचं एकेक प्रकरण तिनं तिथं लावून दिलं. कानामात्रा एका बोटानं, थांबत थांबत, पण स्वतःच्या स्वतः लिहायला लागले.

एके संध्याकाळी त्यांची नजर फोल्डरच्या नावावर गेली. “अगं, ‘मुद्रीतशोधन’? दुसरी वेलांटी? शुद्धलेखनाच्या पुस्तकाच्या दारातच चूक?”

“बरं बाई, करते पहिली,” म्हणत तिनं नाव सुधारलं.

सकाळी त्यांनी मेनू उघडून एंटर मारलं. फाइल सापडत नाही. दुसरं प्रकरण, तेच. तिसरं, तेच.

“गेलं सगळं!” ते ओरडले. “पाण्यात गेलं!”

शिवण तशीच टाकून ती आली. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “काकू, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल.” तिनं त्याचे आभार मानले आणि फोन ठेवून दिला.

“आधी कुठं उसवलंय ते बघू. लगेच कात्री कशाला?”

तिनं फोल्डर उघडलं. सगळी प्रकरणं जागच्या जागी होती. एक उघडून पाहिलं, शब्दन्‌शब्द शाबूत.

“हे बघा, लिखाण आहे. मेनूला फक्त जुना पत्ता ठाऊक आहे. काल आपण काय बदललं?”

त्यांनी फोल्डरचं नाव पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाले, “म्हणजे माझ्यामुळे?”

“तुमच्यामुळे नाही हो, वेलांटीमुळे. परत दुसरी दिली की आत्ता चालू होईल. देऊ?”

‘दे’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. ती खुदकन हसली.

“राहू द्या. तुम्हाला झोप लागायची नाही. उसवून नीटच शिवू.”

मग तिनं कंट्रोल आणि ऑल्ट धरून वजाचं बटण दाबलं. पडद्यावरचा बाण जाऊन तिथं जाडजूड आडवी रेघ आली. या रेघेनं मेनूतल्या ज्या नावावर क्लिक करावं ते नाव उडतं. मूळ कागद मात्र जिथल्या तिथं राहतो. पण रेघ एका वेळी एकच नाव उडवते, म्हणून दर नावाला तीच बटणं पुन्हा दाबायची. नाव गेलं की कानामात्रा दर वेळी विचारायचे, मूळ कागद आहे ना. अशात ती चुकून शेजारच्या मेनूत शिरली आणि ‘सेव्ह’च उडवून बसली.

“अगं, काय केलंस!”

“भलतीच शिवण उसवली,” ती शांतपणे म्हणाली. शोधत शोधत तिला तो मेनू मूळच्यासारखा करायची सोय सापडली. ‘सेव्ह’ परत आलं. मग एकेक प्रकरण उघडून तिनं ते नव्या पत्त्यानं ‘काम’मध्ये लावलं. दोघांचा चहा गार झाला तरी ती खुर्चीवरून उठली नाही. ते शेजारी बसून तिची बोटं बघत होते. आयुष्यभर आपण दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, त्यांच्या मनात आलं, आणि शोधताना आवाजही चढवला. ही मात्र चूक शोधते ती किती गोडीनं!

शेवटी ती बाजूला सरकली. “करा.”

त्यांनी थरथरत्या बोटानं बटणं दाबली. प्रकरण उघडलं.

“शाबास!” ती म्हणाली, जणू सगळं त्यांनीच केलं होतं.

पुस्तक यथावकाश छापून झालं. आता दर शनिवारी ती उपचारकेंद्रात जाते. हात न ऐकणारी माणसं तिथं असतात. कुणाचं काय अडतं ते विचारून ती ज्याचा त्याचा मेनू बसवून देते. बिघडला तर पुन्हा उसवते. कानामात्राही सोबत जातात आणि कोपऱ्यातली खुर्ची धरतात. परवा पक्षाघातातून उठलेल्या एका बाईंनी लेकीसाठी लिहायला घेतलेलं पत्र कुणाची मदत न घेता उघडलं आणि हर्षानं टेबलावर थाप मारली. कानामात्रा शेजारच्या माणसाकडे वळून म्हणाले, “ती शिकवतेय ना, ती आमची मंडळी!”

पत्रात पहिल्याच ओळीत दोन चुका होत्या. त्यांना दिसल्या. ते काही बोलले नाहीत.