पाकटाच्या कातड्यातला परग्रहवासी

हिराजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ताटावर होतो आणि ताटात भेंडी होती. भेंडी मला मुळीच आवडत नाही. तरी गेली तीसेक वर्षं मी भेंडीच गिळतो आहे, कारण या माणसाने माझे मासे कायमचे सोडवले. मी रत्नागिरीकडचा, आमच्याकडे पोराच्या तोंडात आधी कालवण जातं आणि मग दूध. असा मी, मासळीबाजार आला की नाकाला रुमाल लावून रिक्षावाल्याला म्हणतो, ‘जरा दामटव रे.’ फोन ठेवला, हात धुतले, आणि रडू यायच्या आधी मळमळलं… त्याला ते फार आवडलं असतं.

पुढे ठाण्यात एका गारेगार हॉलमध्ये शोकसभा झाली. अत्तर लावून आलेल्या एका वक्त्याने त्याला ‘मराठी विज्ञानपटाचा द्रष्टा’ म्हटलं आणि हळहळला, की हिराजीकडे आजचं तंत्रज्ञान असतं तर! या गृहस्थाने हिराजीचा तो एकुलता एक सिनेमा पाहिलेलाच नव्हता. त्या हॉलमध्ये मला जी किळस आली, ती पाकटाच्या आतही आली नव्हती. आणि मी पाकटाच्या आत राहून आलेला माणूस आहे.

हिराजी बाळकुमचा कोळी. कोलशेतच्या एका कारखान्यात आम्ही एकाच पाळीला होतो. नव्वदच्या आसपास त्याच्या डोक्यात आलं, की परग्रहावरून एक राक्षस येतो आणि अख्खं ठाणं बेचिराख करतो, असा सिनेमा काढायचा. कॅमेरा कल्याणच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याचा, त्यामुळे तो मोकळा फक्त पितृपक्षात. परग्रह म्हणजे खाडीकाठची मिठागरं. उजाड, सपाट, नजर जाईल तिथवर एक झाड नाही. रबराच्या पोशाखाला पैसे कुठून आणणार? मग हिराजीच्या बायकोने, चंद्रावहिनींनी, मोठाली पाकटं सोलून दिली. पाकट म्हणजे तो चपटा, चाबकासारख्या शेपटीचा मासा. त्याची खरखरीत कातडी गोणपाटावर शिवली आणि आत मला शिवलं, कारण त्या मापात मावणारा काडीपैलवान मी एकटाच होतो.

पहिल्या दिवशी मी खरोखर भयंकर दिसलो. मग लग्नातला तो हॅलोजन माझ्यावर पेटला आणि पाकट माझ्या अंगावर शिजायला लागलं. त्यात पितृपक्ष! ठाणे जिल्ह्यातला झाडून सगळा कावळा खीर-वडे टाकून माझ्या डोक्यावर येऊन बसला. खाडीच्या घाटावरून एक कुटुंब हातात पान घेऊन चिखल तुडवत आलं, माझ्या पायाशी ते पान ठेवलं आणि त्यांच्यातले काका म्हणाले, “जरा हलू नका हो, आमचे आजोबा कधीचे रुसलेत.” मी हललो नाही. आजोबा जेवले.

पुढे मी हिरवा पडलो. मग वळवळायला लागलो. “अरे हिराजी, माझ्यात अळ्या पडल्या!” मी ओरडलो.

“तुज्यात नाय, राक्षसात. तू गप उभा ऱ्हा.”

एका शॉटमध्ये जबडा गळून पडला, दुसऱ्यात एक पंजा. दुसरी कातडी मिळायची नव्हती आणि पितृपक्ष सरला की कॅमेरा गेला. मी म्हटलं, “असं दाखव ना, की याला पृथ्वीची हवा मानवत नाही. हा आपला मरतोय.” हिराजी मिठागराच्या बांधावर जाऊन बसला. तिथूनच म्हणाला, “मना तो मरायला नको. कारखान्यात, बसमधी, आमी जवळ आलो की लोकं नाक दाबतात. एकदा तरी त्यांनी डोळं दाबावं, येवढंच पायजे होतं रं मना.”

पण जबडा काही परत लागला नाही. राक्षसाला मरावंच लागलं. मी सरपटत खाडीच्या पाण्याकडे गेलो, आणि देवाशपथ सांगतो, मला अभिनय करावा लागला नाही.

ठाकुर्लीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टीव्ही लावून पहिला खेळ झाला. कल्याणच्या त्या शूटिंगवाल्याकडे मिक्सिंगला फक्त लग्नाचे इफेक्ट होते, त्यामुळे राक्षस पृथ्वीवर उतरला तो बदामाच्या आकारात, भोवती गुलाब. लोक हसून हसून लोळले. हिराजी भिंतीला टेकून उभा होता, काळाठिक्कर पडलेला. मग तो शेवटचा प्रसंग आला, आणि हसणं थांबलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी डोळे पुसले, म्हणाल्या, “अहो, कुणीतरी पाणी तरी पाजा त्याला.” मी आनंदाने हिराजीला मिठी मारायला गेलो. त्याने मला ढकललं. “रडली रं लोकं,” तो म्हणाला. “घाबरला नाय कोण.” त्यानंतर त्याने कॅमेऱ्याला हात लावला नाही.

आता हल्लीचे राक्षस बघतो मी. धुतलेले, पुसलेले, पावडर लावलेले. किळस येते. त्या अत्तरवाल्या वक्त्याला एवढंच सांगायचं होतं, की पैसे असते तर रबर आलं असतं, आणि रबर मेलं म्हणून कोण कुणाला पाणी पाजतं? पण हे हिराजीलाही कधी पटलं नाही…

गेल्या आठवड्यात बाळकुमला वहिनींना भेटायला गेलो. टीव्हीच्या शेजारी एक खुर्ची होती, टीव्हीकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून. “त्यांची,” वहिनी म्हणाल्या. “टीव्हीवर काय बी लागू दे, हितंच बसायचे. चित्र नाय बघायचे, आमची तोंडं बघायचे. कोन घाबरतं काय ते.”

मी म्हटलं, “वहिनी, त्या दिवशी गच्चीवर तुम्ही दिसला नाहीत.”

“जिन्यात होते. तुमी त्या मिठागरातून चालत आलात ना, तवाच पदर डोळ्यांवर घेतला नि खाली पळाले. पाकट मीच सोललेलं भावजी, तरी हातपाय गार पडले.”

मी म्हटलं, “अहो, मग सांगायचं ना त्याला! जन्मभर झुरला तो.”

“सांगितलं असतं तर दुसरा काढला असता,” वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. “आनि पाकटं कोन सोलनार?”