तोंड ओलं ठेवा

जयवंती माझ्या नजरेत पहिल्यांदा भरली ती सहावीच्या वर्गात, दोन बाटल्या घेऊन उभी राहिली तेव्हा. त्याआधी आठ महिने ती माझ्या वर्गात होती, पण तिसऱ्या बाकावरून "हजर बाई" एवढंच ऐकू यायचं.

आम्ल आणि अल्कली शिकवायचे होते. शाळेत लिटमस संपला होता, म्हणून मी जास्वंदीची फुलं टिपकागदावर चोळून जांभळ्या पट्ट्या केल्या आणि मुलांना सांगितलं, उद्या घरातलं काहीतरी पातळ घेऊन या. कोणी ताक आणलं, कोणी चिंचेचं पाणी, कोणी चुन्याची निवळी. जयवंतीने खोकल्याच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्यांतून ताडी आणली होती.

"दोन कशाला गं?" मी विचारलं.

"एक आज सकाळची आहे बाई, एक काल दुपारची. बापाने दिली."

वर्ग हसला. पण सकाळच्या ताडीत पट्टी जवळजवळ तशीच राहिली आणि कालच्या ताडीत लालगुलाबी झाली. जयवंती दोन्ही पट्ट्या उजेडात धरून पाहत राहिली आणि म्हणाली, "ताडी एकच आहे बाई. दुपारपर्यंत तिला राग येतो."

हे वाक्य मी माझ्या टाचणवहीत 'आम्ल' या मथळ्याखाली लिहून ठेवलं. पुढे साहेब तपासणीला आले तेव्हा ते पान मी जरा घाईनेच उलटलं.

दहावीनंतर तिने आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि डहाणूत सुदामभाईंच्या दुकानात लागली. समुद्राच्या बाजूला चिकूच्या वाड्यांमधून आता बंगले झाले आहेत आणि बऱ्याच बंगल्यांना पोहायचा तलाव आहे. त्यांचे पंप, फिल्टर आणि पाणी तपासणारे सेन्सर हा सुदामभाईंचा धंदा. जयवंती दोन वर्षं काउंटरवर होती. म्हणजे क्लोरिनची पावडर मापून पिशव्यांत भरायची आणि शिंकायचं. वेवजीला, गावच्या घरी गेली तरी तिच्या ओढणीला तलावाचा वास यायचा. तिची आई म्हणायची, "पाण्यात एकदा तरी उतरतेस का गं, की नुसताच वास आणतेस?"

पुढचं मला काही जयवंतीने सांगितलं, काही बोर्डीच्या एका बंगल्यावरच्या लहान्याने. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे मी जयवंतीचं खरं धरलं आहे.

मार्च महिना होता. बोर्डीच्या एका बंगल्याचा सेन्सर बसवायचा होता आणि सुदामभाईंचा नेहमीचा माणूस गावी गेलेला. सुदामभाई म्हणाले, "हा पूल तू एकटीने लाव. शनिवारी बंगल्याच्या शेठाणीच्या नातीचा वाढदिवस आहे, मुंबईहून पंधरा पोरं येणार. तोपर्यंत मशीन सरळ चाललं तर बोर्डीच्या सगळ्या तलावांची फेरी तुझी. नाही चाललं, तर काउंटर आहेच."

काउंटर हा शब्द कानावर पडताच जयवंतीला शिंक आली.

सोमवारी ती पेटी घेऊन बंगल्यावर पोचली. बंगला सांभाळायला लहान्या आणि त्याची बायको सुकी. लहान्या पन्नाशीचा, काटक, अजूनही सरसर ताडावर चढणारा. बंगल्याच्या कुंपणाला लागून तीन ताड होते आणि त्यांच्यावर त्याचा जीव होता. जयवंती पंपाच्या खोलीत भिंतीला कंट्रोलर ठोकत होती तेव्हा तो दारात उकिडवा बसून पाहत होता.

"हे पेन काय लिहितं?"

तो सेन्सर खरोखर पेनाएवढाच असतो. टोकाला काचेचा इवलासा गोळा. फिल्टरकडून एक बारीक नळी एका पारदर्शक डबीत येते, त्या डबीत हे पेन उभं असतं आणि वाहत्या पाण्याचा पीएच मोजतं.

"पाण्याची तब्येत लिहितं, काका. सात-साडेसातच्या मधे असलं की पाणी बरं. खाली गेलं की आंबट, वर गेलं की तुरट."

"आणि आजारी पडलं तर?"

"तर शेठाणींच्या मोबाइलवर मुंबईला निरोप जातो."

"म्हणजे चुगलखोर आहे," लहान्या म्हणाला, पण आदराने.

संध्याकाळी आकडा सात पॉइंट चारवर स्थिर झाला. एकच गोष्ट राहिली होती. पंप बंद झाला की डबीतलं पाणी मागे ओसरायचं आणि ते अडवणारी छोटी झडप अजून आली नव्हती. पेनाचा काचेचा गोळा कोरडा पडला की कामातून जातो. हे जयवंतीला आठवलं ते परतीच्या शेअर रिक्षात, दोन कोळणी आणि त्यांच्या पाट्यांच्या मधे चेपून बसलेली असताना. तिने तिथूनच फोन लावला.

"काका, संध्याकाळी पंप बंद केलात की ते पेन बाहेर काढा आणि त्याचं तोंड ओलं ठेवा."

"तोंड ओलं?"

"हो. सुकलं तर मेलंच समजा. रोज संध्याकाळी, आठवणीने."

"किती वेळ?"

"रात्रभर. सकाळी सहाला परत डबीत."

"रात्रभर," लहान्या म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कौतुक होतं. "बरं."

मंगळवारी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी जयवंतीचा फोन वाजला. शेठाणी होत्या. "जयवंतीबेन, माझा मोबाइल बोलतो पाण्यात ॲसिड झालं. चार पॉइंट सात. माझी नात त्यात पोहणार की विरघळणार?"

जयवंती हातातला चहा तसाच टाकून धावली. बस, मग रिक्षा, मग चिकूच्या वाडीतून चालत. पोचेपर्यंत दहा वाजले. कंट्रोलरवर आकडा होता सात पॉइंट तीन. पाणी निळंशार, तळाची फरशी मोजता येईल इतकं. तिने तरीही दोन्ही नमुना द्रावणांत, चारच्या आणि सातच्या, पेन बुडवून पुन्हा जुळवलं.

बुधवारी सहा वाजून पाच मिनिटांनी, चार पॉइंट सहा.

त्या दिवशी तिने केबल बदलली, अर्थिंग तपासलं, पंप चालू-बंद करून आकडा हलतो का ते पाहिलं. हलला नाही. डबीत हवेचा बुडबुडा अडकतो का ते पाहायला भिंग लावून बसली. सुकी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "एवढं निरखून तर माझ्या सासूनेही मला पाहिलं नव्हतं."

तिने सुदामभाईंना फोन केला. "मशीन सकाळी चुकतं आणि दहापर्यंत आपोआप सुधारतं."

"माझंही तसंच आहे," सुदामभाई म्हणाले. मग हसू आवरून, "जयवंती, शनिवार जवळ आलाय. शुक्रवारी मशीन पुन्हा रडलं तर मी वापीचा मेकॅनिक बोलावतो. मग फेरीचं काही बोलू नकोस."

गुरुवारीही तेच, पण वाईट. चार पॉइंट सातवरून आकडा सातवर यायला दुपार झाली. पेन सुस्तावलं होतं. बसच्या खिडकीशी बसून जयवंती वहीत आकडे मांडत होती. बिघाड फक्त सकाळी. म्हणजे तिला सकाळी तिथे असायला हवं, पंप सुरू व्हायच्या आधी.

शुक्रवारी ती पहाटे साडेचारच्या दुधाच्या टेम्पोत बसली. किटल्यांवर हात ठेवून, प्रत्येक खड्ड्याला उसळत, सहा वाजता बंगल्याच्या फाटकाशी उतरली. उजाडत होतं. लहान्या घरातून पंपाच्या खोलीकडे चालला होता, तळहातावर पेन आडवं धरून, पूजेचं काही नेत असल्यासारखा.

"एवढ्या सकाळी, पोरी?"

"लावा तुम्ही काका. मी नुसती बघते."

त्याने पेन डबीत उभं केलं, बटण दाबलं. आकडा उमटला. चार पॉइंट सात. जयवंतीने पेन पुन्हा वर काढलं. टोकाला काहीतरी बुळबुळीत लागलं. तिने ते नाकाशी नेलं.

आणि मग ती म्हणते, तिला बंगला दिसेना, पंप दिसेना. दिसली ती लालगुलाबी झालेली जास्वंदीची पट्टी.

"काका," ती हळूच म्हणाली, "याला ताडी कोणी पाजली?"

लहान्याला प्रश्नच कळला नाही. "कोणी म्हणजे? मीच. तूच बोललीस ना, रोज संध्याकाळी तोंड ओलं ठेव."

आता इथे सांगायला हवं की आमच्याकडे तोंड ओलं करणं म्हणजे पाण्याने नव्हे. पाहुणा आला, काम संपलं, लग्न ठरलं, की तोंड ओलं करायचं, आणि ते ताडीने करायचं. लहान्याला मशीनच्या या सवयीचं आश्चर्य वाटलं होतं, पण गैर काही वाटलं नव्हतं.

"ताजी देतो हां," तो दुखावून म्हणाला. "शिळी नाही. पहिला थेंब जमिनीवर देवाला, मग याचा पेला, मग माझा. चार दिवस माझ्या वाट्यातली देतोय."

"आणि मला बोलतो," ओसरीवरून सुकी म्हणाली, "तुला आज नाही, मशीनला पुरली पाहिजे."

"पेटीबरोबर आलेली पाण्याची बाटली मी दिली होती ना काका? पेन बुडवायच्या खारट पाण्याची?"

ती बाटली देवाच्या फळीवर होती. सीलबंद. वर इंग्रजी लिहिलेलं पाहून लहान्याने ती सलाइन समजून कोणाच्या तरी आजारपणासाठी जपून ठेवली होती.

जयवंती फिल्टरच्या पाइपावर बसली आणि हसायला लागली. हसू थांबेना. सुकीही हसायला लागली. ताजी ताडी रात्रभर पेल्यात आंबत होती, आणि बिचारं पेन पहाटेपर्यंत तिचा राग मोजत होतं, अगदी बरोबर मोजत होतं. मशीन एकदाही चुकलं नव्हतं.

लहान्या मात्र हसत नव्हता. "शेठाणीला कळलं तर?" तो म्हणाला. "आम्ही बारा वर्षं आहोत इथे."

तेव्हा जयवंतीचं हसू थांबलं. सुदामभाई कारण विचारणारच. लहान्याचं नाव सांगितलं तर तिच्यावरचा ठपका जात होता आणि फेरी हातात येत होती. ती थोडा वेळ पेनाकडे पाहत बसली. मग तिने फोन लावला.

"सुदामभाई, बिघाड सापडला. चूक माझी आहे. मी फोनवर सांगताना अर्धवट सांगितलं. सेन्सर रात्री चुकीच्या द्रावणात राहत होता."

"कुठल्या द्रावणात?"

जयवंतीने लहान्याकडे पाहिलं. "स्थानिक," ती म्हणाली.

सुदामभाई मूळचे डहाणूचेच. "उद्या सकाळी सहाचा आकडा बघू," एवढंच म्हणाले, पण फोन ठेवता ठेवता त्यांना ठसका लागल्याचं तिने ऐकलं.

मग काम. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि देवाच्या फळीवरून उतरवलेल्या बाटलीत पाच तास विश्रांती. "उतारा," लहान्या म्हणाला. दरम्यान झडपेची वाट न पाहता तिने डबीतून बाहेर जाणारी नळी वरून वळसा घालून आणली, आणि डबीत येणारीही तशीच, म्हणजे पंप थांबला तरी डबीत पाणी उरेल आणि पेन बाहेर काढायची गरजच पडणार नाही. दुपारी तिने ते सातच्या द्रावणात धरलं. सहा पॉइंट सहा. सहा पॉइंट आठ. तिघं डोकी जुळवून पाहत होते. सहा पॉइंट नऊ. सात. सुकीने टाळी वाजवली.

निघताना लहान्याने विचारलं, "म्हणजे आता याला काही द्यायचं नाही?"

"नाही."

"शनिवारीपण नाही? वाढदिवस आहे."

"काका."

शनिवारी सकाळी जयवंती वेवजीच्या घरी ओट्यावर फोन समोर ठेवून बसली. सहा वाजले. सहा वाजून पाच. सहा वाजून दहा. तिच्या आईने चहा आणून दिला, तो गार झाला. सहा वीसला फोन वाजला आणि तिने तो पहिल्याच रिंगला उचलला.

"जयवंतीबेन," शेठाणी काळजीने म्हणाल्या, "माझा मोबाइल आज काही बोलतच नाही. बिघडला काय?"

"आकडा किती दाखवतो, मॅडम?"

"सात पॉइंट तीन."

"मग बिघडलेला नाही," जयवंती म्हणाली, आणि गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

दुपारी पंधरा पोरं एकाच वेळी पाण्यात पडली. सुदामभाईही आले होते. त्यांनी केक खाल्ला, पंपाच्या खोलीत जाऊन वळसा घातलेली नळी बोटाने वरखाली करून पाहिली, आणि खिशातून बोर्डीच्या बंगल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा काढून जयवंतीच्या हातावर ठेवला. नातीने जयवंतीला पाण्यात बोलावलं, तर ती म्हणाली, मला पोहता येत नाही. पोरांना ते खरंच वाटेना.

आता प्रत्येक बंगल्याच्या पंपाच्या खोलीत तिच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला असतो. एक मी पाहून आले. 'सेन्सर बाहेर काढल्यास फक्त या बाटलीतल्या पाण्यात ठेवावा. दुसऱ्या कशातही नाही.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही. लहान्याच्या खोलीतल्या कागदावर खाली एक ओळ जास्त आहे: 'सणालाही नाही.'

सध्या जयवंतीच्या फेरीत एकवीस तलाव आहेत. गुरुवारी ती बोर्डीला, लहान्याच्या बंगल्यावर असते.