सदतीस वेळा ‘व्हय’

कढईतलं दूध बुडाला धरायला लागलं होतं आणि आमचं यंत्र काही बंद होत नव्हतं. बंद करायचं बटण टचस्क्रीनवर होतं. मंदाताईंची दहाही बोटं तुपकट, त्यामुळे स्क्रीन त्यांना ओळखच देईना. मी रुमालाने पुसून दाबलं, तर स्क्रीनने इंग्रजीत विचारलं, ‘आर यू शुअर?’

मी पुण्यात यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत रिक्वायरमेंट लिहितो. म्हणजे यंत्र बनण्याआधी ग्राहकाला काय हवं ते विचारून कागदावर उतरवायचं. भूम तालुक्यात ईटला मंदाताईंची खव्याची भट्टी आहे. दूध पाच घरांचं येतं. खवा करपला की ती घरं दुसऱ्या भट्टीला दूध घालायला मोकळी, आणि मंदाताईंची चूल थंड. दूध आटवून खवा करायचं आमचं पहिलं यंत्र याच भट्टीवर चाचणीला आलं होतं.

शेवटी मंदाताईंनीच भिंतीतला प्लग उपटला. चमचाभर तोंडात घालून पाहिलं.

“गेलं,” एवढंच म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी नोकरीची खोड जात नाही. मी फाईल काढली.

“ताई, सदतीसच्या सदतीस प्रश्नांना तुम्ही ‘व्हय’ म्हणाला होतात. टचस्क्रीन, मोबाईल अ‍ॅप, सगळ्याला.”

“तुमी सांगत व्हता, म्या ऐकत व्हते. मधी मधी ‘व्हय’ म्हणलं न्हाय तर माणसाला वाटतं, हिचं ध्यान न्हाय.”

“म्हणजे तो होकार नव्हता?”

“हुंकारा व्हता, सायब.”

याच हुंकाऱ्यांची ‘हंड्रेड पर्सेंट कस्टमर अलाइनमेंट’ अशी स्लाइड करून आमच्या बॉसनी मीटिंगमध्ये टाळ्या घेतल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

मग मी फाईल मिटली आणि विचारलं, “ताई, तुम्हाला त्रास कशाचा होतो?”

“हलवून हलवून खांदा लई भरून येतो. उलथणं आपोआप फिराया पायजे. आन् हात भरलेले असत्यात, तर कोपरानं बंद व्हईल आसा खटका द्या. बास.”

त्या दिवशी मंदाताईंबरोबर मी पाचही घरी गेलो आणि चूक माझी आहे असं सांगितलं. चार घरांनी ऐकून घेतलं. पाचव्याने चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून दूध दुसरीकडे घातलं.

नवी रिक्वायरमेंट दोन ओळींची झाली. बॉस म्हणाले, “यात इनोव्हेशन कुठंय?”

“सर, खवा करपणार नाही.”

“ते ठीक आहे हो. पण स्लाइडवर काय टाकू?”

यंत्र झालं. पहिल्या खव्याचा नमुना घेऊन मंदाताई स्वतः पाचव्या घरी गेल्या, आणि दूध परत आलं. एवढ्या वर्षांत मी शिकलो ते इतकंच, की ग्राहक मान डोलावत असेल तर आपण फार बोलतोय. ब्रोशरमध्ये त्या खटक्याचं नाव ‘एल्बो-टच टेक्नॉलॉजी’ आहे. ते मी मंदाताईंना वाचून दाखवलं.

त्या म्हणाल्या, “व्हय.”