परात कुणी ठेवून घेतली?

बीडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा मी भलताच खुशीत होतो. लोककथा जमवणं हा माझा जुना नाद, आणि इथल्या एका गावच्या पाणीवापर सहकारी संस्थेनं मला आपणहून बोलावलं होतं. ऐन दुष्काळात त्यांनी जुन्या बारवेतला (पायऱ्यांच्या विहिरीतला) गाळ उपसला होता. बारवेची दंतकथा आता तिच्या भिंतीवर रंगवायची होती. मजकूर मी लिहून द्यायचा होता.

वाटेत कपिलधारला थांबलो. धबधब्याच्या जागी कोरडा खडक. भाविक मात्र होते. एक आजोबा खडकाला हात लावून तो कपाळाला टेकवत होते. पाणीच नाही तर नमस्कार कशाला? विचारायचा धीर झाला नाही.

गावात चेअरमन अंकुशरावांकडे भाकरी, पिठलं आणि ठेचा असं झकास जेवण झालं. नंतर शहरी सवयीनं मी तांब्याभर पाण्यानं खळखळून हात धुतले. त्यांच्या सूनबाई रिकामा तांब्या उचलून आत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बारवेच्या तळाशी गुडघाभर पाणी होतं. काठावर उभं राहून अंकुशराव सांगू लागले, "पूर्वी लगीन निघालं की हितं सुपारी ठिवायची, भांडी मागायची. सकाळी पायरीवर भांडी हजर. एका घरानं परात ठिवून घेतली. तवापासून बारव मुकी झाली."

मला आनंद मावेना. हीच गोष्ट मी कोकणात ऐकली होती, आणि युरोपातल्या एका तळ्याकाठीही. तिथं जलपऱ्या कढई उसनी देत. माणूस सगळीकडे सारखाच, असं छोटंसं भाषणही मी ठोकलं. मग वही काढून विचारलं, "कोणत्या घरानं?"

अंकुशराव घुटमळले. शेजारी संस्थेच्या सचिव सुमनताई उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "सांगा की. आमच्या. बौद्ध वस्तीतल्या. शाळंत मला परातचोर म्हनायचे."

"जुनी गोष्ट हाय, ताई."

"लई जुनी हाय. पर सर, माझी आजी ह्या पहिल्या पायरीला शिवली असती तर गावाला विटाळ झाला असता. मंग पायरीवरची परात आमच्या हाती आली कशी?"

माझं डोकं चक्रावलं. "चोर काढूनच टाकू," मी म्हणालो.

"मंग बारव मुकी कावून (का) झाली?" अंकुशराव म्हणाले. तेही खरंच होतं.

"गाळानं," सुमनताई म्हणाल्या. "आपुन सगळ्यांनी मिळून काढला त्यो."

"आवं, मंग ती गोष्ट कसली!"

मला दोघांचंही पटत होतं, आणि लिहायला एक ओळ सुचत नव्हती. निघताना सुमनताईंनी विचारलं, "त्या तळ्याच्या गावात कढई कुनी चोरली व्हती?" मला आठवेना. लाज वाटली.

घरी आल्यावर आधी जुन्या वह्या काढल्या. कोकणातली चोर वेशीबाहेरच्या घरातली बाई होती. तळ्याकाठचा चोर गावाबाहेर तंबू ठोकून राहणारा भटक्या. दोन्ही नोंदी एकेका ओळीत उरकलेल्या. कढईचं वर्णन मात्र पानभर होतं, आणि त्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : माणूस सगळीकडे सारखाच.

मजकूर अजून पाठवलेला नाही.